खान्देशच्या उन्हात शॅमेलिऑनसाठी हिरवा पिंजरा कसा बांधावा

शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिंजऱ्याबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेलं. त्यांची सगळी खटपट ऊब मिळवण्याची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे तो सल्ला जसाच्या तसा उचलला तर जनावर भाजून निघेल. आपल्याकडे पिंजरा बांधायचा तो गारव्यासाठी, दिव्यांचा विचार मागाहून.

आधी कागद

आपल्या रानात, बांधावर क्वचित दिसणारा घोयरा सरडा हाही शॅमेलिऑनच, पण तो पाळायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे, पकडून घरी आणणं हा गुन्हा आहे. पाळतात तो व्हेल्ड शॅमेलिऑन, डोक्यावर उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातल्या डोंगरांतला. तो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो, म्हणून कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर भाव कितीही पाडून सांगू दे, सौदा करू नका.

जागा

गच्चीवरची खोली, पत्र्याची शेड आणि पश्चिमेची भिंत या तिन्ही जागा बाद. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. या प्राण्याला रात्रीचा गारवा हवाच असतो, डोंगरातला आहे तो. तळमजल्यावरची पूर्वेची किंवा उत्तरेची खोली निवडा. गावाकडे जुनं धाब्याचं घर असेल तर प्रश्नच मिटला. मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, एवढा गारवा सिमेंटच्या घराला पैसे ओतूनही येत नाही.

शॅमेलिऑनला उंचीवरून खाली बघायला आवडतं. त्याची बसायची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल असा बेत ठेवा. सतत खालून-वरून माणसं ये-जा करतात अशा जिन्याजवळ पिंजरा ठेवला तर तो कायम दबून राहतो.

सांगाडा

मोठ्या नराला किमान २ फूट रुंद, २ फूट खोल आणि ४ फूट उंच जागा सांगतात. झाडं लावायची असतील तर ती अपुरी पडते. ४ फूट रुंद, अडीच फूट खोल, ६ फूट उंच असा सांगाडा धरा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून एक इंची अ‍ॅल्युमिनियम पाइपचा बनवून घ्या. तो आधी "एवढा पिंजरा पोपटाला का?" असं विचारेल. सरडा म्हटलं की दुकानातले सगळे गोळा होतात, तेवढी तयारी ठेवा.

परदेशात पूर्ण जाळीचा पिंजरा चालतो. आपल्याकडे मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जी कोरडी झळ वाहते तिच्यापुढे जाळीतली ओल अर्ध्या तासात उडते. म्हणून मागची बाजू आणि दोन्ही कडा पीव्हीसी शीटने बंद करा, छत जाळीचं ठेवा आणि समोर दाराखाली सहा इंचांची जाळीची पट्टी सोडा. खालून हवा आत येते आणि तापून वरून निघून जाते. कडेच्या शीटा स्क्रूवर बसवा आणि त्यांच्या आत जाळीही असू द्या. पावसाळ्यात हवा कोंदटली की एक शीट काढून ठेवता येते.

जाळी पीव्हीसी लेपाची, काळी घ्या. काळ्या जाळीतून आतलं स्वच्छ दिसतं. खिडकीची साधी नायलॉनची मच्छरजाळी घेऊ नका, खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे ती कुरतडून घरभर पसरतात. बारीक तारेच्या उघड्या जाळीत नखं अडकून उपटतात, तीही नको.

तळाला उतार दिलेला ट्रे, त्याच्या खालच्या कोपऱ्याला बेसिनचा वेस्ट पाइप आणि खाली झाकण असलेली बादली. पाणी साचून राहिलं तर शॅमेलिऑनच्या आधी डासांची पैदास होईल.

माती आणि झाडं

तळभर सहा इंच मातीचा वाफा करायची हौस असते. हिशेब करा: या मापात सुमारे १४० लिटर माती बसते आणि ओली झाली की तिचं वजन दीड-पावणेदोनशे किलोंच्या घरात जातं. मी कुंड्याच सुचवेन. झाड आजारलं तर तेवढी कुंडी बाहेर काढता येते. दहा-बारा इंची चार-पाच कुंड्या, त्यांच्यामधल्या फटीत मनी प्लांट सोडला की महिन्या-दोन महिन्यांत कुंडी दिसेनाशी होते.

शेतातली काळी माती कितीही कसदार असली तरी ती एकटी कुंडीत घालू नका. ओली झाली की चिकट आणि वाळली की भेगा. एक भाग काळी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि थोडं पालापाचोळ्याचं खत पुरे. तळाला विटांचे तुकडे. वर मूठभर मोठे गोटे मांडा, म्हणजे किडा पकडताना मातीचा घास जात नाही.

व्हेल्ड शॅमेलिऑन पानंही खातो, म्हणून झाड निवडताना शोभा दुय्यम. जास्वंद सर्वांत उत्तम, पान-फूल दोन्ही खाल्लेलं चालतं. त्याखेरीज शेफलेरा, फायकस बेंजामिना, अरेका पाम, स्पायडर प्लांट. कण्हेर, रुई, धोत्रा, एरंड, डिफेनबेकिया यांतलं एकही पिंजऱ्याच्या आसपास नको.

नर्सरीतून आणलेलं झाड थेट आत जात नाही. त्याच्यावर औषध फवारलेलं असतं. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, वरची माती आणि तीतले खताचे रंगीत दाणे काढा, नवी माती घाला आणि किमान महिनाभर बाहेर ठेवा.

फांद्यांसाठी पेरूची किंवा जांभळाची वाळलेली फांदी बघा, करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीची. या प्राण्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी चिमट्यासारखी विभागलेली असतात, फांदीला पूर्ण विळखा बसला तरच तो निर्धास्त चालतो. गुळगुळीत बांबूवर घसरतो. आपल्याकडे पऱ्हाट्यांचे ढीग फुकट पडलेले असतात, मोह होतो, पण कपाशीवर हंगामभर झालेली फवारणी आठवा आणि ढीग तिथेच राहू द्या. नाकतोडेही त्याच कारणासाठी शेतातून आणू नका. फांद्या आडव्या, वेगवेगळ्या उंचीवर, सांगाड्याला स्क्रूने पक्क्या करा.

पाणी

शॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरून थेंब ओघळताना दिसला की आधी त्याचा एक डोळा तिकडे वळतो, दुसरा अजून तुमच्याकडेच असतो. मग तो सावकाश पुढे झुकतो आणि पानाचं टोक चाटू लागतो. म्हणून थेंब हलता हवा. मेडिकलमधून नवा सलाईन सेट आणा, पाण्याची बाटली छतावर टांगा आणि नळी जास्वंदीच्या पानावर सोडा. चाकाने दोन सेकंदाला एक थेंब इतकं कमी-जास्त करता येतं.

फवाऱ्यासाठी ड्रिपचं साहित्य आपल्या जिल्ह्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं. पण नर्सरीतल्या फॉगरला बऱ्यापैकी दाब लागतो आणि गच्चीच्या टाकीचं पाणी दहा फुटांवरून आलं तर एक किलोच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच दाब देतं. धुक्याऐवजी धार गळते. त्यापेक्षा आरओ दुरुस्त करणाऱ्याकडून बूस्टर पंप, पाव इंची नळी आणि बारीक मिस्टिंग नोझल दोन घ्या, सोबत डिजिटल टायमर. पाणीही आरओचंच वापरा. बोअरच्या जड पाण्याने नोझल चोंदतात आणि पानांवर पांढरे डाग बसतात.

पहाटे दोन-तीन मिनिटं, रात्री पिंजऱ्यातले दिवे बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं. दिवसा पानं वाळली पाहिजेत. दिवसभर ओलं-गरम राहिलं तर छातीचे विकार होतात. पावसाळ्यात रात्रीचा फवारा बंद, गरज पडली तर छतावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा.

उजेड आणि गारवा

यूव्हीबीशिवाय, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय, हाडं ठिसूळ होतात. त्यासाठी टी५ प्रकारची लांब नळी, ६ टक्के यूव्हीबीची, छताच्या जाळीवर ठेवा. बसायची फांदी तिच्याखाली २०-२५ सेंटिमीटरवर येऊ द्या. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. नळी पेटत असली तरी वर्षाने बदलायची.

शेकायच्या जागी ३० ते ३२ अंश, बाकी पिंजऱ्यात २४ ते २८, रात्री १५ ते २०. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चार तास साधा ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब जाळीबाहेर लावा, रात्री बंद. रात्री खोली १५ अंशांच्या खाली उतरत असेल तर खिडक्या मिटा. मार्चपासून बल्ब काढूनच ठेवा.

मे महिन्यात कूलर. कोरड्या हवेत तो जोरात काम करतो आणि ओलही देतो, फक्त झोत पिंजऱ्यावर नको, खोलीत फिरू द्या. लाइट जाणाऱ्या दुपारी कूलर इन्व्हर्टरवर टिकणार नाही हे गृहीत धरा. त्या वेळेसाठी बंद शीटांवर ओलं गोणपाट आणि हाताने फवारा.

सगळं जुळवल्यावर पिंजरा रिकामाच चालवा, तोही मे महिन्यात. एक थर्मामीटर शेकायच्या फांदीजवळ, एक तळाशी, आर्द्रता दाखवणारा. दुपारी चार वाजता वरचा आकडा ३३ च्या पुढे जात असेल तर आधी तो खाली आणा, मग विकणाऱ्याला फोन करा. आणि मागवायचा तो एकच. दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात, मग तो कितीही मोठा असो, राहत नाहीत.