हीट पंप जास्त वीज खातोय? आधी मोजा

पाणी तापवणाऱ्या हीट पंपाला वेगळा सब-मीटर लावा आणि टाकी तापेपर्यंत गरम पाण्याचे नळ बंद ठेवा. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. बरीचशी उष्णता पंप बाहेरच्या हवेतून ओढतो, म्हणून मीटरवर सव्वादोन-अडीच युनिट पडले तर पंप ठणठणीत. ४ पडले, तर पहिला संशय आतल्या जोडहीटरवर (मदतीला बसवलेल्या साध्या विजेच्या हीटरवर) घ्या. तो सेटिंगमधून बंद करून पुन्हा मोजा.

मग कॉइल, म्हणजे हवेतली उष्णता घेणारी, पातळ पत्रे बसवलेली नळी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्यांच्या फटींत धूळ गच्च बसते. मेन स्विच बंद करून मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेनेच फिरवा. आडवा हात मारलात तर पत्रे वाकतात, हवा अडते. बोअरचं पाणी असेल तर पाण्याच्या बाजूला साचलेले क्षारही बघा.

भर उन्हात कॉइलवर बर्फ? गॅस कमी किंवा पंखा मंद. मेकॅनिकच बोलवा.