१९०५ च्या रशियासाठी तारखांची वही कशी लावावी

रशियन साम्राज्यातील १९०५ हे वर्ष नीट समजून घ्यायचे असेल, तर कारणमीमांसेकडे वळण्याआधी एक वही घ्यावी आणि तिच्या प्रत्येक पानावर दोन रकाने आखावेत: पहिला जुन्या ज्युलियन तारखेसाठी, दुसरा आपल्या नेहमीच्या ग्रेगोरियन तारखेसाठी. विसाव्या शतकात या दोन गणनांत १३ दिवसांचे अंतर होते आणि रशियात १९१८ च्या आरंभापर्यंत जुनीच गणना चालू होती. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा प्रश्न ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही घाईत फसगत होते. दादरच्या एका अभ्यासवर्गासाठी टिपण काढताना मी बंगालची फाळणी १६ ऑक्टोबरला आणि झारचा (रशियाच्या सम्राटाचा) सुधारणांचा जाहीरनामा १७ ऑक्टोबरला, अशा लागोपाठ नोंदी केल्या होत्या. प्रत्यक्षात जाहीरनाम्याच्या दिवशी मुंबईत ३० ऑक्टोबर होता; दोन्ही घटनांत पुरता पंधरवडा गेला होता.

पहिली नोंद ९ जानेवारीच्या (२२ जानेवारी) रविवारची असावी. येथे केवळ 'कामगारांच्या मोर्चावर गोळीबार' असे लिहून थांबू नये. पाद्री गापोन यांच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्गचे कामगार झारच्या हिवाळी राजवाड्याकडे निघाले होते ते अर्ज घेऊन, आणि त्या अर्जाचा सूर आपल्याकडच्या 'मायबाप सरकार'सारखाच होता. मात्र त्यात आठ तासांचा दिवस, सर्वांच्या मतांनी निवडलेली सभा आणि युद्धाचा शेवट या मागण्याही होत्या. भाषा प्रजेची आणि मागणी नागरिकाची, हे वहीत स्वतंत्र ओळीत लिहावे, कारण त्या दिवसानंतर ती भाषा टिकली नाही.

जपानशी चाललेल्या युद्धाच्या नोंदी थोडक्यात घ्याव्यात: मुकदेनची लढाई, मे महिन्यातील त्सुशिमाची सागरी लढाई, जूनमध्ये 'पोतेमकिन' युद्धनौकेवरचे बंड आणि २३ ऑगस्टला (नव्या गणनेने ५ सप्टेंबरला) युद्ध संपवणारा पोर्ट्समथचा तह.

ऑक्टोबरसाठी मात्र पूर्ण पान राखावे. मॉस्कोच्या छापखान्यांतून सुरू झालेला संप रेल्वेपर्यंत पोचला आणि तेथून देशभर पसरला. लोकल बंद पडली की मुंबईचे काय होते हे जाणणाऱ्याला या संपाची ताकद वेगळी सांगायला नको: गाड्या थांबल्या की सैन्य हलवणेही अवघड होते, आणि झारचे ज्येष्ठ मंत्री विट्टे यांनी त्याच्यापुढे लष्करी हुकूमशाही किंवा सुधारणा असे दोनच मार्ग मांडले ते याच दिवसांत. संपाची वाढ आणि राजवाड्यातील हालचाली समोरासमोर लिहिल्या, तर जाहीरनामा कोणत्या दडपणाखाली निघाला हे आपोआप दिसते.

आता जाहीरनामा आणि २३ एप्रिल १९०६ चे मूलभूत कायदे शेजारी ठेवून कलमवार वाचावेत. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. जाहीरनाम्यात भाषण, सभा व संघटनेचे स्वातंत्र्य आहे आणि दूमाच्या (निवडून येणाऱ्या प्रतिनिधिसभेच्या) संमतीवाचून कोणताही कायदा अमलात येणार नाही, असे वचन आहे. कायद्यांत झारच्या सत्तेचे 'अमर्याद' हे विशेषण गळले, परंतु 'एकतंत्री' राहिले; आणि ८७ व्या कलमाने दूमाचे अधिवेशन नसताना तातडीचे हुकूम काढण्याची वाट मोकळी ठेवली.

दुसऱ्या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्या काळची इंग्रजी वृत्तपत्रे पाहायला गेल्यास शोध ग्रेगोरियन तारखेनेच घ्यावा आणि पुढच्या काही दिवसांचे अंकही चाळावेत.

वही डिसेंबरात, मॉस्कोचा उठाव चिरडला गेला तेथे, बंद करू नये. पहिली दूमा ७२ दिवसांत विसर्जित झाली. दुसरी ३ जून १९०७ रोजी (१६ जून) विसर्जित झाली आणि त्याच दिवशी निवडणुकीचा कायदा दूमाच्या संमतीवाचून बदलण्यात आला. ही शेवटची नोंद करून तिच्यासमोर जाहीरनाम्यातील संमतीचे ते वचन पुन्हा शब्दशः उतरून घ्यावे.