स्टेटस मॅचचा अर्ज पाठवण्यापूर्वीची तयारी

एका विमान कंपनीच्या सभासद कार्यक्रमात वारंवार प्रवास करून मिळवलेला एलिट, म्हणजे वरचा, दर्जा दाखवून दुसऱ्या कंपनीकडे त्याच तोडीचा दर्जा मागता येतो. याला स्टेटस मॅच म्हणतात. अर्ज भरायला पंधरा मिनिटं पुरतात, त्यामुळे लोक तो जाहिरात दिसल्या दिवशीच भरून टाकतात, आणि नुकसान तिथेच होतं. बहुतेक कंपन्या ही संधी एका सभासदाला एकदाच, किंवा काही वर्षांतून एकदा देतात. शिवाय अर्ज मंजूर झाला की मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात होते, तुमचा पहिला प्रवास दोन महिन्यांनी असला तरीही. म्हणून खाली दिलेलं सगळं आधी उरकायचं आणि ‘पाठवा’ हे बटण सर्वांत शेवटी दाबायचं.

पहिलं काम म्हणजे नेमकं काय मिळणार आहे ते अटींमध्ये वाचणं. सरळ मॅचमध्ये दर्जा ठरावीक काळासाठी मिळतो आणि त्या काळात काही सिद्ध करावं लागत नाही. चॅलेंजमध्ये मात्र दर्जा तात्पुरता असतो. अमेरिकेतल्या कंपन्यांपैकी डेल्टा तो तीन महिने देते, युनायटेड १२० दिवस, आणि तेवढ्या काळात ठरलेला प्रवास पूर्ण केला तरच तो पुढे टिकतो. आज मोठ्या कंपन्यांचा कल चॅलेंजकडे आहे. जाहिरातीत दोन्हींना ‘मॅच’च म्हटलेलं असतं, त्यामुळे अटींच्या पानावर ‘तात्पुरता’, ‘पात्रता कालावधी’ असे शब्द शोधावेत. काही कंपन्या हे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवतात आणि शुल्क घेतात. हे शुल्क परत मिळतं का, आणि अर्ज नाकारला गेला तरी कापलं जातं का, हे पैसे भरण्याआधी पाहावं. अशा पानावर विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच जावं. मॅचसाठी कोणालाही तुमच्या खात्याचा पासवर्ड लागत नाही. तो मागणारं पान फसवं समजून बंद करावं.

मग तुमच्या हातातला दर्जा चालतो का, ते तपासा. विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत: १९९७ मध्ये सुरू झालेला स्टार अलायन्स, १९९९ मधला वनवर्ल्ड आणि २००० मधला स्कायटीम. त्यांच्या सदस्य कंपन्या एकमेकींचा दर्जा आधीच मानतात: स्टार अलायन्समध्ये सिल्व्हर आणि गोल्ड, वनवर्ल्डमध्ये रुबी, सफायर आणि एमराल्ड, स्कायटीममध्ये एलिट आणि एलिट प्लस. म्हणूनच एकाच गटातल्या दोन कंपन्यांमध्ये सहसा मॅच मिळत नाही. लुफ्थान्सा आणि युनायटेड दोन्ही स्टार अलायन्समध्ये आहेत, त्यामुळे लुफ्थान्साचं कार्ड दाखवून युनायटेडकडे मागण्यात फारसा अर्थ नाही. तेच कार्ड असलेला प्रवासी दुसऱ्या गटांतल्या डेल्टा किंवा अमेरिकन एअरलाइन्सच्या दृष्टीने प्रतिस्पर्ध्याचा ग्राहक असतो आणि त्याला ओढायला त्यांना आवडतं. दुसरी अडचण दर्जा कसा मिळाला याची आहे. क्रेडिट कार्डाबरोबर आलेला, हॉटेलच्या सभासदत्वातून आलेला किंवा आधीच्या मॅचमधून आलेला दर्जा अनेक ठिकाणी चालत नाही. मॅरियट हॉटेलांच्या टायटेनियम सभासदाला युनायटेडचा सिल्व्हर दर्जा मिळतो. तो घेऊन तिसऱ्या कंपनीकडे गेल्यास ती प्रत्यक्ष केलेल्या उड्डाणांचा उतारा मागते आणि उताऱ्यात काही नसेल तर अर्ज तिथेच थांबतो.

जो दर्जा मिळणार आहे त्याचे फायदे तुमच्या मार्गांवर लागू होतात का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. स्टार अलायन्स गोल्डचे फायदे कागदावर भक्कम आहेत: लाउंजमध्ये (विमानतळावरच्या खास प्रतीक्षा दालनात) स्वतःबरोबर एक पाहुणा, वजनाच्या हिशोबाने सामान असेल तिथे २० किलो जादा, नगाच्या हिशोबाने असेल तिथे एक नग जादा, आणि चेक-इन, बोर्डिंग, सामान या तिन्हींत अग्रक्रम. पण युनायटेडच्या स्वतःच्या कार्यक्रमातला गोल्ड सभासद केवळ अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासावर असेल तर दर्जाच्या जोरावर त्याला युनायटेडच्या क्लबमध्ये, म्हणजे तिच्या लाउंजमध्ये, प्रवेश नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या सभासदांनाही नुसत्या अंतर्गत प्रवासावर अशीच आडकाठी आहे. लाउंजसाठी मॅच घेणाऱ्याने हे आधी पाहिलं नाही तर एकुलती एक संधी चुकीच्या कंपनीवर खर्च होते. तात्पुरत्या काळात अपग्रेडचे कूपन आणि दर्जाबरोबर निवडता येणाऱ्या भेटी बहुधा मिळत नाहीत. अनेकदा दर्जाही तुमच्या सध्याच्या पायरीपेक्षा एक पायरी खालचा मिळतो, किंवा मधल्या पायरीवर कमाल मर्यादा घातलेली असते. हे सगळं मान्य असेल तरच पुढे जावं.

यानंतर कॅलेंडर उघडा, आणि त्याला वेळ द्या, कारण चॅलेंज इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. नव्या कंपनीवर येत्या सहा महिन्यांत होणारे सगळे प्रवास तारखेनिशी लिहून काढा. नक्की तिकीट निघालेले वेगळे आणि ‘बहुतेक होईल’ असे वेगळे. मोजणीत फक्त पहिले धरायचे. अट साधारणपणे मुदतीत प्रत्यक्ष उडण्याची असते, तिकीट काढण्याची नव्हे. दिवसही मोजून घ्या. ९० दिवस आणि तीन महिने एकच नव्हेत. १ मार्चला मंजुरी आली आणि तो पहिला दिवस धरला तर ९० वा दिवस २९ मे आहे. ३१ मेचा परतीचा प्रवास बाहेर राहतो. मंजुरी यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी अर्ज करणंही चूकच. सर्वांत दाट प्रवासाचा पट्टा शोधावा आणि प्रक्रियेला लागणाऱ्या वेळेत थोडी भर घालून त्याच्या आधी अर्ज पाठवावा. शेवटचं आवश्यक उड्डाण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. एक उड्डाण रद्द झालं की सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या बाजूला तुमच्या जुन्या दर्जाची संपण्याची तारीख आहे. नेहमीच्या पद्धतीने मिळवलेला युनायटेड आणि डेल्टाचा दर्जा ३१ जानेवारीला संपतो, अमेरिकनचा ३१ मार्चला. मुदत संपत आलेला दर्जा काही कंपन्या स्वीकारत नाहीत, म्हणून अर्ज या तारखेच्या बराच आधी पाठवावा.

आता त्या यादीतलं प्रत्येक उड्डाण अटीत बसतं का, ते एकेक करून तपासा. तिकिटावरचा उड्डाण क्रमांक नव्या कंपनीचा असला तरी विमान भागीदार कंपनीचं असू शकतं. याला कोडशेअर म्हणतात. आरक्षणात उड्डाण क्रमांकाखाली बारीक अक्षरात प्रत्यक्ष कोण चालवतं ते लिहिलेलं असतं. चॅलेंजच्या अटीत ‘आमची स्वतःची विमानं’ असं असेल तर कोडशेअर सोडून द्यायचं. तिकीट कोणी काढलं हेही महत्त्वाचं आहे. तिकीट क्रमांक १३ अंकी असतो आणि पहिले तीन अंक कंपनी सांगतात: ००१ अमेरिकन, ००६ डेल्टा, ०१६ युनायटेड, २२० लुफ्थान्सा, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. युनायटेडमध्ये ०१६ च्या तिकिटावर दर्जासाठीचे गुण भाड्याच्या रकमेवरून ठरतात, भागीदाराने काढलेल्या तिकिटावर वेगळ्या सूत्राने. रकमेवर चालणाऱ्या कार्यक्रमांत मोजली जाते ती तुम्ही भरलेली पूर्ण किंमत नव्हे. सरकारी कर वजा होतात. आंतरराष्ट्रीय तिकिटात हा फरक मोठा असतो, म्हणून तिकिटाच्या तपशिलातून मूळ भाडं आणि कंपनीचा अधिभार एवढेच आकडे उचलून बेरीज करावी. भाड्याचा वर्गही बघावा: डेल्टाच्या बेसिक, म्हणजे सर्वांत स्वस्त, भाड्यावर दर्जासाठी काहीच जमा होत नाही. माइल्स (खात्यात जमणारे, तिकिटासाठी वापरता येणारे गुण) वापरून काढलेल्या तिकिटाबाबत प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे, तो वाचूनच धरावा किंवा सोडावा. सगळं वगळून उरलेली बेरीज अटीपेक्षा निदान एका उड्डाणाने जास्त भरत नसेल, तर अर्ज पुढे ढकलावा असं आमचं स्पष्ट मत आहे. अपुऱ्या प्रवासावर केलेलं चॅलेंज हुकतं, आणि पुढची संधी यायला वर्षं जातात.

कागदपत्रं मात्र आजच जमवायला घ्यावीत. तीन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे जुन्या कार्यक्रमातल्या खात्याच्या पानाचं चित्र, ज्यात नाव, सभासद क्रमांक, दर्जा आणि तो कधीपर्यंत आहे ती तारीख एकाच चौकटीत दिसते. मोबाइल अॅपमध्ये या चार गोष्टी वेगवेगळ्या पडद्यांवर विखुरलेल्या असतात आणि नुसत्या कार्डाच्या चित्रावर कित्येकदा मुदत नसते. संगणकावर संकेतस्थळ उघडून स्क्रीनशॉट घेतला तर काम एका चित्रात होतं. दुसरी, मागच्या १२ महिन्यांचा उतारा, ज्यात प्रत्येक उड्डाण तारीख आणि मार्गासह वेगळं दिसतं. खरेदीवर मिळालेल्या माइल्सनी भरलेला उतारा उपयोगाचा नाही. उड्डाणांपुरती गाळणी लावून तो काढावा. तिसरी, कार्यक्रमाचं कार्ड, प्रत्यक्ष किंवा डिजिटल. संकेतस्थळाची भाषा बदलता येत असेल तर इंग्रजी करून चित्रं घ्यावीत, तपासणाऱ्याला सोपं जातं. चित्रात खाडाखोड करू नये, कापाकापीही कमीत कमी असावी, कारण छेडछाडीचा संशय आला की अर्ज मागे पडतो. बँक कार्डाचा क्रमांक कुठे दिसत असेल तर तेवढाच झाकावा. आकडे किंवा दर्जा बदलून चित्र पाठवणं ही फसवणूक आहे, आणि तिच्यासाठी खातं बंद करून जमलेले माइल्स जप्त करण्याचा अधिकार कंपन्यांनी नियमांत राखून ठेवलेला असतो. अर्जाच्या पानावर फाइलचा प्रकार आणि कमाल आकार लिहिलेला असतो, तो पाहून चित्रं आधीच तयार ठेवावीत.

नव्या कंपनीत खातं आधी उघडा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा, आणि जुन्या खात्यातलं नावही तेच आहे ना ते बघा. एकीकडे मधलं नाव आहे, दुसरीकडे फक्त आद्याक्षर, किंवा लग्नानंतर एकाच ठिकाणी आडनाव बदललेलं, अशा फरकावरून अर्ज परत येतात. नाव दुरुस्त करायला पुरावा पाठवावा लागतो आणि दिवस जातात, म्हणून ते अर्जाच्या आधीच करावं. एकाच कंपनीत विसरलेलं जुनं खातं असेल तर दोन्ही एकत्र करून घ्यावीत.

जाहीर योजना नसलेल्या कंपनीकडेही विचारता येतं. पत्र सभासद कार्यक्रमाच्या विभागाला पाठवावं, तक्रार विभागाला नव्हे. पहिल्या वाक्यात मागणी: तुमचा अमुक दर्जा विचारात घ्यावा, मुदत अमुक तारखेपर्यंत. दुसऱ्यात नव्या खात्याचा क्रमांक. तिसऱ्यात येत्या महिन्यांतले त्यांच्यावरचे नक्की प्रवास, आरक्षण क्रमांकांसह. मन वळवतं ते हेच, कारण कंपनीला भविष्यातलं भाडं दिसतं. सोबत पुरावे. आधीच्या कंपनीची निंदा करू नये आणि पत्र दहा ओळींत संपवावं.

मंजुरी आली की ते पत्र आणि त्या दिवशीच्या अटींचं पान जपून ठेवा, कारण योजना मध्येच बदलतात आणि वाद झाला तर त्या दिवशीच्या अटी दाखवता यायला हव्यात. आधी काढलेल्या तिकिटांवर नवा सभासद क्रमांक आपोआप चढत नाही. प्रत्येक आरक्षण उघडून तो घाला. आधीच घातलेला असेल तर काढून पुन्हा घालावा, म्हणजे नवा दर्जा आरक्षणात उतरतो. भागीदार कंपनीच्या तिकिटावर त्यांच्याच संकेतस्थळावरून तपासा. बोर्डिंग पासवर गटाचा दर्जा छापलेला नसेल तर लाउंजच्या दारात अडचण येते, तेव्हा चेक-इनच्या जागीच तो दुरुस्त करून पास पुन्हा छापून घ्यावा.

प्रत्येक प्रवासाचा बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांक गुण जमा होईपर्यंत टाकू नका. कंपनीच्या स्वतःच्या विमानांचे गुण काही दिवसांत दिसतात, भागीदारांचे कित्येक आठवड्यांनी. उड्डाण रद्द होऊन कंपनीने तुम्हाला दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवलं, तर ते चॅलेंजमध्ये मोजलं जात नाही असं दिसेल. अशा वेळी मूळ तिकिटाच्या मार्गाचं श्रेय लेखी मागावं. कंपनीमुळे बदल झाला असेल तर ते बहुधा मिळतं, पण मागितल्याशिवाय नाही. दर पंधरा दिवसांनी खात्यातली बेरीज तुमच्या यादीशी ताडून पाहा, म्हणजे तूट मुदतीच्या आतच कळेल आणि एखादं छोटं उड्डाण जोडायला वेळ राहील.

अर्ज नाकारला गेला तर आधी कारण विचारा. चित्र अस्पष्ट, तारीख दिसत नाही, नाव जुळत नाही, अशा कारणांवर तो सुधारून पुन्हा पाठवता येतो आणि ती संधी खर्ची पडलेली नसते. दर्जाच चालत नाही असं उत्तर असेल तर त्याच कंपनीला दुसऱ्या खात्यातून विचारू नये; दुबार खाती नियमाविरुद्ध असतात. त्याऐवजी दुसऱ्या गटातली कंपनी निवडावी, आणि तोपर्यंत जुन्या कार्यक्रमातला दर्जा टिकवायला किती प्रवास कमी पडतो तेही मोजून ठेवावं.