परसबागेत करवंदाच्या गुलाबी-पांढऱ्या जाती: खान्देशासाठी लागवडीची माहिती

ब्लॅक करंट किंवा रेड करंटची रोपं ऑनलाइन मागवून भुसावळात लावायचा विचार असेल, तर ते पैसे वाचवा. ही झुडपं थंड मुलखातली. हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांखालची थंडी मिळाली नाही, तर त्यांचे डोळे (फांदीवरच्या कळ्या) नीट फुटत नाहीत. धुळे-जळगावात पहाटेचा पारा उतरला तरी दुपारपर्यंत तो २८-३० वर जातो, आणि मे महिन्यात ४५ च्या आसपास. बियांच्या पाकिटातून रोप उगवलंच, तरी पहिला उन्हाळा ते काढत नाही.

तेच काम आपल्या हवेत करवंद करतं. आंबटगोड, रंगदार फळ, जेली आणि लोणच्याला उत्तम. सातपुड्यातली काळी करवंदं सगळ्यांना ठाऊक असतात, पण परसात लावण्यासारख्या मोठ्या फळाच्या, गुलाबी-पांढऱ्या जाती खान्देशात अजून थोड्याच घरी दिसतात. करवंद पाण्यावाचून सहसा मरत नाही. ते मरतं साचलेल्या पाण्याने, आणि वांझ राहतं चुकीच्या महिन्यात चालवलेल्या कात्रीने. पुढचं बरंचसं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

कोणती जात घ्यावी

उत्तराखंडातल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या तीन जाती परसबागेसाठी पाहण्यासारख्या आहेत. पंत मनोहर या जातीचं फळ पांढऱ्यावर गडद गुलाबी झाक असलेलं, झुडूप मध्यम उंचीचं आणि दाट. पंत सुदर्शनची झाक फिकी गुलाबी. पंत सुवर्णाचं फळ हिरव्यावर तपकिरी छटेचं, झाड उभट आणि विरळ, म्हणून अरुंद जागेत ते बरं पडतं. तिन्हींचं फळ साधारण साडेतीन ग्रॅमचं भरतं. लोणचं, मुरंबा आणि चेरीसाठी मनोहर किंवा सुदर्शन घ्या. केकवर आणि पानात जी लाल चेरी मिळते, ती बऱ्याचदा रंग आणि पाक दिलेलं करवंदच असतं, आणि त्याला ही फिकी फळंच लागतात. झाडावरून तोडून तोंडात टाकायची असतील, तर दापोलीच्या विद्यापीठाची कोकण बोल्ड ही काळ्या, मोठ्या फळाची जात जास्त गोड लागेल.

पाचवा पर्याय नटाल प्लमचा. ही करवंदाची दक्षिण आफ्रिकी बहीण. नर्सरीत शोभेचं झाड किंवा बोन्साय म्हणून विकतात, आणि विकणाऱ्याला ते फळ खातात हे पुष्कळदा माहीत नसतं. फुलं मोठी, पांढरी, चांदणीसारखी, सुवासिक. फळ लालभडक, लहान आलुबुखाऱ्याएवढं. कुंडीत छान राहतं, पण आपल्याकडे परागीकरण नीट होत नाही आणि फुलं गळून जातात. दोन वेगळी रोपं ठेवा आणि सकाळी बारीक ब्रशने एका फुलातले पराग दुसऱ्यात नेऊन लावा. फूल नळीसारखं असतं, त्यामुळे ब्रश आत जाईल इतका बारीक हवा.

रोप घेताना गुटी कलम (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) मागा. बियांचं रोप स्वस्त असतं, पण फळाचा रंग आणि आकार आईसारखा निघेलच असं नाही. पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक यायला हवा, आणि काटे समोरासमोर जोडीने असायला हवेत. कण्हेरही याच कुळातली आणि चिकाची, पण तिला काटे नसतात आणि ती विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात ही दोन झाडं शेजारी लावू नका. करवंदाचंही फक्त फळ खायचं, बाकी काही चघळायचं नाही.

जमीन आणि खड्डा

तापीकाठची भारी काळी जमीन कापसाला आणि केळीला सोन्यासारखी, करवंदाला मात्र धोक्याची. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात आणि ऑगस्टमध्ये झाड अचानक मान टाकतं. पानं कोमेजलेली दिसली की माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. बरड, मुरमाड, उताराची जागा असेल तर तीच निवडा. चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला अशी जागा सहज मिळते.

जागा कशी आहे ते तपासायला एप्रिल-मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसत असेल, तर सपाट लागवड विसरा. तिथे एक फूट उंच आणि तीन-चार फूट रुंद मातीचा ढीग किंवा वरंबा करून त्यावर रोप लावा. भारी मातीत नुसता खड्डा खणून त्यात चांगली माती भरली, तर आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यातच येऊन साचतं. खड्डा खोल केल्याने हे सुटत नाही, जमीन उंच केल्यानेच सुटतं.

जमीन हलकी असेल तर दोन फुटांचा खड्डा घेऊन तीन आठवडे उन्हात तापू द्या. भरताना वरच्या थराची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू किंवा मुरूम आणि पाव किलो निंबोळी पेंड घाला. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आणि वाळवी येते. सुटं झाड हवं असेल तर दोन झाडांत ७-८ फूट ठेवा. कुंपण करायचं असेल तर ३ फूट. पायवाटेपासून किमान ४ फूट लांब लावा. काटे दणकट असतात, चपलेच्या तळव्यातून आत जातात.

कुंडीसाठी १८ इंची कुंडी, दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत आणि एक भाग नदीची जाड वाळू. तळाची भोकं खापरीने झाका, बुजवू नका.

लागवड आणि पहिला उन्हाळा

पहिल्या सरींना भुलून लावू नका. जूनच्या अखेरीस किंवा जुलैमध्ये जमीन हातभर खोल ओली झाली की लावा. पिशवी कापून काढा, मातीचा गड्डा फोडू नका, आणि रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल ठेवा. खोड मातीत गाडलं तर सालीला बुरशी लागते. शक्यतो दोन झाडं लावा, फळधारणा चांगली होते.

पाऊस सरल्यावर पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्याला एकदा पाणी पुरे. मार्चपासून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ८ ते १० लिटर. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर खोडापासून एक फुटावर, दोन बाजूंना लावा आणि तासभर चालवा. ड्रिपर खोडाला टेकवू नका. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून ऊसाच्या पाचटाचं किंवा केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन पसरा.

एप्रिल-मेमधल्या पश्चिमेच्या झळा रोपाच्या कोवळ्या पानांच्या कडा भाजून काढतात. केळीच्या बागेला शेवरी लावतात ती याचसाठी. परसातही पश्चिमेला शेवरीची एक ओळ चालेल, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यापुरती ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. दुसऱ्या वर्षापासून जाळी नको, सावलीत फूल कमी येतं.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. पूर्ण वाढलेल्या झाडाला पावसाच्या सुरुवातीला १०-१५ किलो शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. युरिया दिला की झाड हिरवंगार, उंच आणि फळाविना.

छाटणी: इथेच बहुतेकांचं चुकतं

करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्यावर गुच्छाने येतात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्यांच्याकडे करवंदाचं कुंपण आहे ते दिवाळीनंतर किंवा संक्रांतीला घरची साफसफाई करताना कुंपणही कातरून घेतात, आणि फळ धरणारे सगळे शेंडे खाली पडतात. मग दरवर्षी तक्रार असते की झाडाला फळच लागत नाही.

छाटणी फळं उतरल्यावर लगेच, सप्टेंबर संपायच्या आत उरकायची. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवे शेंडे फुटतात, थंडीत पक्के होतात आणि वसंतात फुलतात. छाटणी हलकीच हवी: वाळलेल्या, एकमेकांवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा, शेंडे वीतभर कमी करा, बस्स. पहिल्या दोन वर्षांत जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतचे फुटवे काढत राहा आणि चार-पाच मुख्य फांद्या ठेवा. मधून हवा खेळली तर पावसाळ्यात रोग कमी, आणि तोडणीला हात आत जातो. शेजारी फालसा असेल तर त्याच्याशी घोटाळा करू नका. फालसा नव्या फुटीवर फळतो, त्याला डिसेंबर-जानेवारीत जोरदार छाटावं लागतं. एकाच दिवशी दोघांवर कात्री चालवली तर एक नक्की वांझ राहणार.

कुंपण आणि फळ दोन्ही एकाच ओळीतून हवं असेल, तर रस्त्याकडची बाजू कातरा आणि आतली व वरची बाजू सोडून द्या.

चार वर्षांवरच्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा. फुलं दिसू लागली की आधी हलकं पाणी, मग फळ ज्वारीएवढं झाल्यावर दर आठ-दहा दिवसांनी भरपूर. मध्येच कोरडं पडू दिलं आणि नंतर एकदम भिजवलं तर फळगळ होते. जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात मोठी फळं तडकतात तीही याचमुळे.

काय बिघडतं

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे फार दिसतं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अडीच ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हिराकस नुसतं फवारलं तर पानं भाजतात.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके आणि फळावर खोलगट काळे डाग येतात, ती बुरशी. पावसाच्या आधी एकदा १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा: लिटरला १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम कळीचा चुना, दोन वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा. फळं तोडायला आली असतील तर फवारू नका, डागाळलेली फळं आणि पानं वेचून जाळून टाका.

पिठ्या ढेकूण दिसला की मुंग्याही असतात. आधी मुंग्यांची वारुळं बंदोबस्तात आणा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून फांदीच्या बेचक्यांत फवारा. कधी पानं रात्रीत खाऊन फक्त देठ उरतात. हे काम शेपटीवर शिंग असलेल्या मोठ्या हिरव्या अळीचं. दोन-चारच असतात, हाताने वेचा.

तोडणी, आणि बियांचं काय करायचं

लोणच्यासाठी फळ हिरवट-गुलाबी आणि कडक असताना तोडा, म्हणजे जूनमध्ये. पूर्ण पिकायला फळधारणेपासून सव्वातीन-साडेतीन महिने लागतात, त्यामुळे गुलाबी जातींचं पिकणं भर पावसाळ्यात येतं आणि एक दिवस आड तोडणी करावी लागते. कच्चं फळ चार-सहा दिवस टिकतं, पिकलेलं जेमतेम दोन. चीक हाताला आणि कपड्याला चिकटतो, म्हणून हातमोजे घाला, देठासकट तोडा आणि मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. जेलीला अर्धकच्ची आणि पिकलेली फळं निम्मी-निम्मी घ्या. कच्च्यात पेक्टिन भरपूर असतं, बाहेरून घालावं लागत नाही. ठेचायचं असेल तर हिरव्या मिरचीबरोबर कच्चीच घ्या. कळण्याच्या भाकरीवर याला तोड नाही.

चिरताना निघालेल्या बिया टाकू नका, पण वाळवून ठेवूही नका. त्यांची उगवण झपाट्याने कमी होते. गर धुऊन दोन-तीन दिवसांत, अर्धा इंच खोल, पिशवीत दोन-दोन पेरा. तीन आठवड्यांत उगवतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतात. ही रोपं कुंपणाला वापरा. खायच्या झाडासाठी जुलैमध्ये पेन्सिलएवढ्या फांदीवरची एक इंच साल गोल काढा, चीक पुसून घ्या, वरच्या कडेला मुळं फुटण्याची आयबीए पावडर लावा, ओल्या शेवाळाने झाकून प्लास्टिक घट्ट बांधा. दोन-अडीच महिन्यांनी मुळं दिसली की फांदी आधी निम्मी कापा, आठवड्याने पूर्ण, आणि महिनाभर सावलीत पिशवीत वाढवा.