दिवा चालू, ॲपमध्ये बंद: स्मार्ट लाइटची खरी स्थिती मोबाइलवर कशी आणावी

मुलगी पुण्याहून मोबाइलवर बघते तर नागपूरच्या घरातले सगळे लाइट बंद. इकडे मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये हॉलचा दिवा बाबांनी बटण दाबून केव्हाच लावलेला. ॲपचा हुकूम दिव्यापर्यंत पोचतो, दिव्याची खबर मात्र परत येत नाही. अशा वेळी रीसेट मारण्याची घाई करू नका. त्यात नावं, वेळापत्रकं, जोडण्या सगळं जातं आणि दोष तिथेच राहतो. खबर कुठे अडते ते आधी शोधा.

आधी ही चाचणी करा. दिवा ज्या कंपनीचा आहे तिचं ॲप उघडं ठेवा आणि भिंतीवरचं बटण दाबा. तिथे बदल दिसला, पण गूगल होम किंवा अलेक्सात दिसला नाही, तर घरातली यंत्रणा ठीक आहे. खात्यांची जोडणी बिघडली आहे. पासवर्ड बदलल्यावरही असं होतं. जोडणी काढून पुन्हा करा, काम झालं. कंपनीच्या ॲपमध्येही बदल दिसत नसेल, तर बोर्डाकडे वळा.

बटण नेमकं काय तोडतं ते बघा. स्मार्ट बल्ब साध्या बटणावर असेल, तर बटण बंद होताच बल्बची वीजच जाते. मग तो कळवणार कसा? ॲप काही वेळ जुनीच स्थिती दाखवतं आणि नंतर ‘ऑफलाइन’ म्हणतं. अशा बल्बचं बटण चालूच ठेवावं लागतं. घरात वडीलधारी मंडळी असतील तर हे जमत नाही, आणि त्यांनी सवय का बदलावी? तिथे बोर्डामागे बसणारं रिले मॉड्यूल (बटण आणि ॲप दोन्हींचं ऐकून दिवा चालू-बंद करणारी छोटी पेटी) लावणं मला जास्त योग्य वाटतं.

मॉड्यूल आधीच असेल तर त्याची वायरिंग तपासून घ्या. त्याला फेज आणि न्यूट्रल कायम मिळायला हवेत. बटणाच्या तारा एस१, एस२ अशा खुणांच्या वेगळ्या टर्मिनलवर हव्यात. बटणातून आलेली फेज थेट मॉड्यूलला दिलेली असेल, तर बटणाबरोबर मॉड्यूलही बंद पडतं. जिन्यातल्या टू-वे बटणांना सेटिंगमध्ये ‘एज’ हा प्रकार निवडा, म्हणजे कुठलंही बटण हललं की बदल नोंदला जातो.

बोर्ड स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्यालाही सांगा की एमसीबी पाडली तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत राहते. ती वेगळी बंद करून, टेस्टर लावून मगच हात घालायचा.

लाइन गेल्यावरच घोळ होतो का? मे महिन्यातल्या वादळी पावसात नागपुरात लाइन जाते-येते. दिवे इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या पॉइंटवर असेल, तर दिवे चालू राहतात, पण खबर घेणारं कुणी नसतं. राउटर आणि हब (दिव्यांना ॲपशी जोडणारी पेटी) दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. लाइन आल्यावर राउटर दिव्याला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) देऊ शकतो आणि हब जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन करून प्रत्येक दिव्याचा पत्ता पक्का करा.

सिग्नल. बहुतेक स्मार्ट दिवे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. भिंतीतली पत्र्याची बोर्डपेटी सिग्नल दाबते. राउटर आणि बोर्डाच्या मधे पत्र्याचा कूलर आला तरी तेच, त्यामुळे उन्हाळ्यातच बिघाड होत असेल तर कूलर कुठे ठेवलाय ते बघा. काही दिवे वाय-फायऐवजी झिगबी या बिनतारी पद्धतीने हबशी बोलतात, तेही २.४ गिगाहर्ट्झवरच असतं. वाय-फाय चॅनल १ वर असेल तर झिगबी २५ वर ठेवा आणि हब राउटरपासून मीटरभर लांब. मात्र चॅनल बदलल्यावर काही दिवे पुन्हा जोडावे लागू शकतात.

होम असिस्टंट (घरची उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि एमक्यूटीटी (उपकरणांची निरोप पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये ‘स्टेट टॉपिक’, म्हणजे दिव्याची खबर जिथे येते तो पत्ता, भरलेला आहे का ते बघावं. तो रिकामा असेल तर यंत्रणा नुसत्या अंदाजावर चालते: पाठवलेला हुकूम म्हणजेच स्थिती, असं धरून. टॅस्मोटात (उपकरणात टाकायचं एक मोफत सॉफ्टवेअर) ‘टेलीपीरियड’, म्हणजे दोन नियमित खबरींमधला वेळ, मुळात ३०० सेकंदांचा असतो. तो कमी केला की नियमित खबर लवकर येते.

४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त रिमोट रिसीव्हरवर चालणारे दिवे सहसा फक्त हुकूम ऐकतात, उलट काही पाठवत नाहीत. त्यांच्यावर वेळ घालवू नका, ते बदलाच.

दुरुस्ती झाली की मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी चढवा. राउटर पूर्ण सुरू होऊ द्या आणि एकेक बटण दाबत ॲपमधल्या स्थितीशी ताडून बघा.