कोरीवकामाच्या पटाशा कमी खर्चात नीट कशा ठेवायच्या

चांगल्या पटाशा घ्यायला आपण हजारो रुपये घालतो आणि ठेवायला मात्र बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मीसुद्धा पहिली दोन वर्षं तेच केलं, सगळी हत्यारं एकावर एक आडवी, डबा उचलला की खळखळ. एकदा शिवण नावाच्या झाडाच्या लाकडी फळीवर पान कोरत होतो तर प्रत्येक कापात केसाएवढी बारीक रेघ उमटायला लागली, मला वाटलं लाकूडच खराब आहे, शेवटी पटाशी खिडकीशी नेऊन उजेडात धरली तेव्हा धारेवर एक पांढरा ठिपका चमकताना दिसला. खाच पडली होती, शेजारच्या पटाशीवर आपटून आपटून. ती घासून काढण्यात अख्खी दुपार गेली. त्यामुळे डबा, पेटी, स्टँड काहीही वापरा, पण धार कशालाच लागता कामा नये, बाकी नीटनेटकेपणा नंतर बघू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जुन्या जीन्सचा रोल. एक पाय शिवणीवर उसवून सपाट करायचा, त्यातून साधारण २२ इंच लांब आणि १५ इंच उंच तुकडा काढायचा, दुसऱ्या पायातून तेवढीच लांब ५ इंचाची पट्टी काढून ती खालच्या कडेला शिवायची आणि उभ्या शिलाया मारून कप्पे करायचे. मूठ १ इंच जाड असेल तर कप्पा २ इंच रुंद ठेवा, मी आधी दीड इंचाचे केले होते, मूठ आत जायची पण काढताना अडकायची आणि झटका देऊन पटाशी ओढणं म्हणजे हात कापून घेणं. २ इंचाच्या हिशोबाने १० पटाशा बसतात. मूठ कप्प्यात, पातं वर, आणि वर उरलेलं कापड पात्यांवर दुमडून मग गुंडाळायचं, बांधायला परकराची नाडी झकास. जीन्सचं कापड जाड असतं त्यामुळे घरच्या मशीनवर शिवताना जाड सुई लावा.

पण रोल हा न्यायला-आणायला चांगला, रोजच्या कामाला नाही, दर वेळी कोण सोडत बसणार. घरी मी आंब्याची लाकडी पेटी वापरतो. वायरिंगवाल्यांचा २५ एमएमचा पीव्हीसी पाइप मिळतो, १० फुटांची एक लांबी घेतली की ६ इंची जवळजवळ २० तुकडे निघतात, ते पेटीत उभे दाटीने भरायचे, फटीत थर्माकोल ठोसायचा, झालं. पटाशी पातं खाली करून सोडायची, मुठीचा खांदा, म्हणजे पात्याकडचा जाड भाग, पाइपाच्या कडेवर टेकतो आणि धार आत हवेत लटकते. फक्त तुमची मूठ कडेवर खरंच टेकते का ते एका तुकड्यावर आधी बघा, खांदा निमुळता असेल तर ती आत घसरते आणि धार जाऊन तळाला लागते. पातं लांब असेल तर तुकडाही त्याच्यापेक्षा इंचभर लांब कापा. पाइपाच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. घरात लहान मुलं असतील तर धार अशी झाकलेलीच बरी, तरी पेटी उंचावरच ठेवा.

आता यात एक अडचण आहे, पातं दिसत नाही, नुसत्या मुठी दिसतात. मग कुठली कुठली ते कसं कळणार? त्यासाठी पटाशीची धार कागदावर हलकेच उभी टेकवायची, भोवती टोकदार पेन्सिलने रेघ मारायची, तो बाक जसाच्या तसा मुठीच्या टोकाजवळ मार्करने काढायचा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यायचा. एक रेघ म्हणजे सपाट, उथळ चंद्रकोर, खोल चंद्रकोर, व्ही, बघताक्षणी हात बरोबर तिथे जातो. विकतच्या ब्रँडेड पटाशांवर नंबर असतात, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पद्धतीत १ म्हणजे सपाट, ३ ते ९ वाढत्या बाकाच्या गोल, ११ म्हणजे अगदी खोल अरुंद, पण लोहाराकडून करून घेतलेल्या पटाशीवर कुठला नंबर, तिथे हे चित्रच कामी येतं.

सुट्या पटाशीला टोपी हवी असेल तर गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरमध्ये फुटावर मिळते, दोन-दोन इंचाचे तुकडे कापून पात्यावर चढवा. पलीकडचं तोंड उघडंच ठेवा, नाहीतर आत दमट हवा कोंडते. लोहचुंबकाची पट्टी मला फारशी आवडत नाही, पातं खटकन चिकटतं आणि त्यात थोडं चुंबकत्व उतरल्यामुळे धार लावताना लोखंडाचा भुगा त्याला चिकटून राहतो. लावायचीच तर वर पातळ लाकडी पट्टी चिकटवा आणि पात्याची पाठ आधी टेकवा.

कोकण-मुंबईवाल्यांनी पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. जून ते सप्टेंबर जीन्सच्या रोलमध्ये पटाशा पडून ठेवू नका, सुती कापड दमट हवा धरून ठेवतं आणि आठवड्यात पात्यावर तांबडे ठिपके येतात. काम झालं की भुसा झटका, सागाचा-बाभळीचा ओला भुसा पात्यावर राहिला तर काळे डाग पडतात, मग जुन्या बनियनच्या फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन पातं पुसा. गोडंतेल नको, ते काही महिन्यांत चिकट होतं. आणि कोरायला बसण्याआधी कोरड्या फडक्याने तेल आठवणीने काढा, ते लाकडात मुरलं की त्या जागी पॉलिश नीट धरत नाही. मी ते तेलाचं फडकं झाकणाच्या डबीत घालून पेटीच्या कोपऱ्यातच ठेवतो, शोधावं लागलं की पुसायचं राहतं.