जुन्या दुनळीत ७० मिलिमीटरचं काडतूस? आधी चेंबर मोजा

वाड्याच्या कपाटातली आजोबांची बारा बोअरची दुनळी नातवाच्या परवान्यावर चढते. काडतुसं आणायला गेलं की दुकानात बहुतेक ७० मिलिमीटरची मिळतात, आणि मग ठरलेला सल्ला येतो: "बसतंय ना? मग चालतंय." या सल्ल्याइतकं घातक मी दुसरं काही ऐकलेलं नाही. म्हणून हे सगळं लिहितोय.

परवाना आणि कागद तुमच्याकडे आहेत, बंदूक साफ आहे आणि दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री तुम्ही केली आहे, असं धरतो. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक नुकतीच परत आली असेल, तर नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पुन्हा बघा.

पहिलं काम नळ्यांवरच्या खुणा वाचण्याचं. पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या करा आणि चेंबरखालची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीखालची, सपाट बाजू भिंगातून बघा. ब्रिटिश बंदूक १९२५ च्या नियमांनंतर तपासलेली असेल, तर चेंबरची लांबी इंचात कोरलेली सापडते. २½ म्हणजे ६५ मिलिमीटर, २¾ म्हणजे ७०. १९५४ नंतरच्या खुणांमध्ये दर चौरस इंचाला किती टन दाब सोसेल तेही असतं, २½ इंचीवर सहसा ३ टन. १९२५ च्या आधीच्या नळीवर हिऱ्याच्या आकारात फक्त १२ आणि सी दिसेल, त्यावरून ६५ की ७० हे कळत नाही. नळीवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळीची, वेलबुट्टी असेल आणि नायट्रो प्रूफची, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याची, खूण कुठेच नसेल, तर आजचं बिनधुराचं कोणतंही काडतूस त्यात घालू नका. ती बंदूक भिंतीवर शोभते.

आता मोजणी. इथेच मी फसलो होतो.

मी ७० चं कोरं काडतूस चेंबरमध्ये सोडलं. ते अलगद बसलं, बंदूक नीट बंद झाली आणि मी निर्धास्त झालो. बार काढल्यावर खांद्याला नेहमीपेक्षा जोराचा धक्का बसला. रिकामं काडतूस नखाने ओढून काढावं लागलं आणि त्याच्या तोंडाची कड झिजून तंतू सुटल्यासारखी झाली होती. काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. दुमडलेल्या तोंडाचं ७० चं काडतूस कोरं असताना जेमतेम ५८-६० मिलिमीटर भरतं, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये आरामात मावतं. बार होताना दुमड उलगडते. पुढे चेंबर संपून नळी अरुंद होत जाते, आणि काडतुसाचं तोंड नेमकं त्या उतारात घुसतं. वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) आणि छर्ऱ्यांना त्या आवळलेल्या तोंडातून जावं लागतं आणि दाब वाढतो.

हा दाब फारसा वाढत नाही, असं सांगणारे भेटतात. नुसत्या पाच मिलिमीटरपुरतं ते कधी कधी खरंही असतं. पण आजचं ७० चं काडतूस आजच्या बंदुकीसाठी भरलेलं असतं. युरोपीय मानकात साध्या बारा बोअरला ७४० बारपर्यंत (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) दाब चालतो, आणि जास्त ताकदीच्या काडतुसांना १०५० पर्यंत. तुमची बंदूक ३ टनांच्या हिशोबाने तपासलेली असेल, तर लांबी आणि भरणा दोन्ही तिच्या विरोधात जातात. एका बाराला नळी फुटली नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. बिजागरी सैल होत जाते, तेल पिऊन मऊ झालेला दस्ता मुळाशी चिरतो, आणि हे हळूहळू होत असल्यामुळे लक्षात येत नाही.

म्हणून कोऱ्या काडतुसाने चेंबर कधीही मोजू नका. भोसरीत कुठल्याही लेथवाल्याकडून २०.२ मिलिमीटर व्यासाचा पितळी दांडा करून घ्या आणि त्यावर टोकापासून ६५ व ७० वर रेघा मारून आणा. बंदूक तिथे न्यायची नाही. घरी रिकाम्या नळीत मागच्या बाजूने दांडा सोडा. तो जिथे थांबेल तिथे नळीच्या मागच्या कडेशी कोणती रेघ येते ते बघा. काडतुसाच्या बुडाची कड बसते ती खाचही लांबीत धरायची. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होईल, पण ६५ आणि ७० मधला फरक लपत नाही. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा.

दांडा ७० पर्यंत जातोय पण खूण २½ ची आहे, तर? कुणीतरी मागाहून चेंबर कोरून वाढवलंय आणि तिथली नळीची भिंत पातळ झाली आहे. अशा वेळी खूण मानायची, दांडा नाही. तुम्ही स्वतः चेंबर वाढवून घेण्याचा विचारही करू नका. तसंच ७० च्या काडतुसाचं तोंड कापून ते आखूड करणं हा वेडेपणा आहे, कारण आतली दारू तेवढीच राहते.

बाकी सोपं आहे. ६५ च्या चेंबरसाठी असल्याचं डब्यावर स्पष्ट लिहिलेलंच काडतूस घ्या. तळावर केएफ आहे, म्हणजे आपल्या खडकीच्या १८६९ च्या कारखान्याचं आहे, एवढ्याने भागत नाही, लांबी वाचा. काही डब्यांवर ६७ लिहून ६५ च्या चेंबरला योग्य असं छापलेलं असतं, ते चालतं. भरणा हलकाच घ्या.

मग परवानाधारक कारागिराकडून नळ्या आणि बिजागरी तपासून घ्या, आणि पहिला बार रेंजवरच काढा. रिकामं काडतूस उचलून त्याचं तोंड बोटाने चाचपा. कड गुळगुळीत असेल तर दुसरा बार काढा. कड फाटलेली किंवा ओढलेली लागली, तर तिथेच थांबा आणि चेंबर पुन्हा मोजा.